संशोधन अनुदानासाठी अर्ज करताना विद्यापीठाचं संशोधन कार्यालय नेमकी काय मदत करतं?
अर्जातलं विज्ञान तुम्हालाच लिहावं लागतं, बाकी बरंच त्यांच्यावर सोपवता येतं. खरा उपयोग बजेटला: सहायकांचे पगार, उपकरणं, प्रवास आणि त्यावर विद्यापीठाचा ओव्हरहेड, म्हणजे जागा, वीज, प्रशासन अशा सामायिक खर्चाचा वाटा. तो धरायचा राहिला की नंतर रडारड ठरलेली. अनुदान कागदोपत्री बहुधा विद्यापीठाला मिळतं, तुम्हाला नाही. म्हणून अधिकृत सहीशिवाय अर्ज जात नाही आणि कार्यालयाची अंतर्गत मुदत मूळ मुदतीच्या आधीच संपते. ती आधी विचारून घ्या. अभ्यासात माणसं सहभागी असतील, अगदी साधी प्रश्नावली भरून घ्यायची असली, तरी एथिक्स कमिटीकडे, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे, आधी जा. माहिती गोळा करून झाल्यावर मंजुरी सहसा मिळत नाही. एखाद्या कंपनीशी आर्थिक संबंध असेल तर तोही लेखी कळवा. पावत्या मात्र स्वतःच जपा.