उपाशीपोटीची शुगर ९६, म्हणजे नॉर्मल आहे, तरी डॉक्टर ‘इन्सुलिन रेझिस्टन्स’ म्हणतात. मला डायबिटीस झालाय का?

उपाशीपोटी ९६ म्हणजे डायबिटीस नाही. पण डॉक्टर उगाच घाबरवत आहेत असंही नाही. मी डॉक्टर नव्हे. चार वर्षांपूर्वी असाच रिपोर्ट घेऊन धरमपेठेत एका लॅबच्या पायरीवर बसलो होतो, एवढीच माझी लायकी.

तुम्हीही नागपूरचे, म्हणून कूलरवरून सांगतो. मे महिन्यात कूलरच्या ताट्यांवर (पाणी झिरपतं त्या गवती पॅडवर) क्षार चढला की खोली तेवढीच थंड ठेवायला पंखा एकवरून तीनवर न्यावा लागतो. खोलीत बसलेल्याला काही कळत नाही, मोटर मात्र तापत असते. फास्टिंग शुगर म्हणजे नुसतं खोलीचं तापमान. ताट्या म्हणजे आपले स्नायू आणि यकृत. ते इन्सुलिनला पुरेशी दाद देईनासे झाले (हाच इन्सुलिन रेझिस्टन्स) की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून साखर जागेवर ठेवतं. वर्षानुवर्षं!

माझी साखर ९४ होती, पण उपाशीपोटीचं इन्सुलिन २४. दोन्हींचा गुणाकार करून ४०५ ने भागतात, त्याला होमा-आयआर म्हणतात. माझा ५.६ आला, कुठल्याही हिशेबाने जास्तच. मानेवरचा काळा पट्टा त्याआधीपासून होता. आई तो मळ समजून बेसन लावून घासायची. वाढलेल्या इन्सुलिनमुळे कातडी तशी जाड आणि काळसर होते, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

स्वादुपिंड थकलं की साखर चढते: उपाशीपोटी १०० ते १२५ प्रीडायबिटीस, १२६ पासून पुढे डायबिटीस (तोही पुन्हा तपासून पक्का करतात). सगळ्यांचंच स्वादुपिंड थकतं असं नाही. हे सगळं टाइप २ बद्दल. टाइप १ चं कारणच वेगळं.

आता उपाय. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतो, म्हणून मी रात्री जेवून पंधरा मिनिटं चालायला लागलो. तर्री पोहे सोडले नाहीत, प्लेट अर्धी केली. रविवारच्या सावजीतही खरा घोळ रश्श्याचा नव्हता, त्याच्यासोबतच्या भाताच्या ढिगाचा होता. कंबर ९८ सेंटीमीटरवरून ९० वर यायला वर्ष गेलं. इन्सुलिन ११ वर आलं.

मानेचा पट्टा फिका झालाय, पूर्ण गेला नाही. आई अजून बेसनच सुचवते.