स्टॅम्प पेपरवर बाळ मिळतं का हो ताई?

दत्तकाबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली, त्यातली तीन घेतेय. पहिल्यालाच जास्त जागा गेली, इलाज नव्हता.

प्रश्न : ताई, लग्नाला 11 वर्षं झाली, मिस्टर 44 चे, मी 39. दोनदा टेस्ट ट्यूब करून झालं, आता अंगात ताकद नाही आणि हातात पैसापण नाही. ओळखीतल्या एक बाई म्हणतात की एका नर्सिंग होममध्ये लग्न न झालेली एक मुलगी आहे, पुढच्या महिन्यात बाळंत होईल, तिला मूल नकोय, 500 च्या स्टॅम्प पेपरवर लिहून देतील, खर्चाचे म्हणून 3 लाख द्यायचे, जन्मदाखल्यावर डायरेक्ट आमचीच नावं लावतील. सरकारी रांगेत तर वर्षानुवर्षं जातात म्हणे. घ्यावं का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : नका घेऊ. त्या बाई कितीही भल्या असल्या तरी नका घेऊ. ते 3 लाख म्हणजे दवाखान्याचं बिल नाही, ती बाळाची किंमत आहे, आणि मुलाची खरेदी-विक्री करणारे दोघंही बाल न्याय कायद्यात सारखेच अडकतात, 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख दंड. स्टॅम्प पेपर 500 चा असो नाहीतर 5000 चा, त्यानं मूल तुमचं होत नाही. दाखल्यावर खोटी नावं लावली आणि चार वर्षांनी कुणी भावकीतल्याने तक्रार केली, तर मूल जातं बाल कल्याण समितीपुढे, तेव्हा ते तुम्हाला आई-बाबा म्हणायला लागलेलं असतं.

आणि त्या पोरीचंही बघा की जरा. तिला खरंच मूल सोपवायचं असेल तर ती समितीपुढे जाऊन सोपवू शकते, नाव गुप्त राहतं, आणि मन बदललं तर परत न्यायला 60 दिवस मिळतात. नर्सिंग होमच्या खोलीत तिला हे 60 दिवस कोण देणारे?

आता तुमचं. कारा म्हणजे केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण, त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करा, आणि या आठवड्यातच करा, कारण जोडप्याच्या वयाची बेरीज बघतात. 2 वर्षांच्या आतलं बाळ हवं तर बेरीज 85 पर्यंत चालते, तुमची आज 83 आहे, पुढच्या वर्षी दोघांचं एकेक वाढून बरोब्बर 85, त्याच्या पुढे गेलात की 2 ते 4 वर्षांचं मूल, तिथे मर्यादा 90. वय नोंदणीच्या दिवशीचं धरतात, म्हणून घाई करतेय मी. लग्नाला 2 वर्षं झालेली लागतात, ते तुमचं कधीच झालं.

पॅन कार्ड, जन्मतारखेचा नि पत्त्याचा पुरावा, लग्नाचा दाखला, उत्पन्नाचे कागद, डॉक्टरचं सर्टिफिकेट अपलोड करायचं, मग सोशल वर्कर घरी येते. हेच काम मी बरीच वर्षं केलंय म्हणून सांगते, आम्ही कपाटावरची धूळ बघायला येत नाही. एका घरी गेले तर नवे पडदे, नव्या कपबश्या, आणि सासूबाईंना मुद्दाम देवळात पाठवलेलं! मला तर त्यांनाच भेटायचं होतं, बाळ दिवसभर राहणार कुणाजवळ?

त्या भेटीचे नि अहवालाचे 6,000 आणि बाळ घेताना संस्थेला 50,000, दोन्हीची पावती घ्या. रांग मोठी आहे हे खरंय, छोट्या बाळासाठी काही वर्षं जातात, पण नंबर नोंदणीच्या तारखेप्रमाणे लागतो, वशिला चालत नाही. नंबर आला की मुलाचे कागद नि मेडिकल रिपोर्ट पोर्टलवर दिसतात, 48 तासांत राखून ठेवायचं, मग संस्थेत जाऊन भेटायचं, आपल्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवायची मुभा असते. आवडलं की आधी संगोपनासाठी बाळ घरी येतं, दत्तकाचा आदेश मागून निघतो, आणि त्यावर जो जन्मदाखला मिळतो त्यावर तुमचीच नावं असतात, तीही खरी.

प्रश्न : मी 42 वर्षांची, लग्न केलेलं नाही, बँकेत आहे. मुलगी घेता येईल? आई म्हणते एकट्या बाईला कोण देणार. (नाशिक)

उत्तर : देतात की. एकटी बाई मुलगा, मुलगी दोन्ही घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मात्र मुलगी देत नाहीत. तान्हं बाळ नाही मिळणार, एकट्या पालकाला 2 वर्षांच्या आतल्यासाठी चाळिशीची मर्यादा आहे, पण 2 ते 4 मध्ये 45 पर्यंत चालतं, 4 ते 8 मध्ये 50 पर्यंत. नोकरीच्या वेळात मुलीजवळ कोण थांबेल हे नक्की विचारतील, तेव्हा आईंना आत्तापासूनच पटवायला घ्या.

प्रश्न : आम्हाला एक मुलगी आहे. दिरांचा धाकटा, 9 वर्षांचा, आम्हाला द्यायला तयार आहेत. कारात जावं लागेल का? (सांगली)

उत्तर : तुम्ही हिंदू असाल तर 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानं घरच्या घरी होतं. तुम्हाला मुलगा नाही आणि तो 15 च्या आतला आहे, म्हणजे अडचण नाही. दीर-जाऊ दोघांची संमती, तुम्हा दोघांची संमती, प्रत्यक्ष देण्या-घेण्याचा विधी, पैशाचा व्यवहार अजिबात नको, आणि दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करून घ्या. फक्त सह्यांच्या आधी जावेला एकटीला बसवून विचारा, कारण एकदा झालेलं दत्तक मोडता येत नाही, आणि पत्रात तुम्ही दिरांचं दोनदा लिहिलंय, तिचं एकदाही नाही.