इनहेलर ऑफिसच्या कपाटात नको

प्रश्न : डॉक्टर, माझा नातू नऊ वर्षांचा आहे. त्याला दमा आहे, पण औषधांनी आटोक्यात असतो. मे महिन्यात येऊरला पाच दिवसांचं शिबिर आहे, शेवटची रात्र तिथेच मुक्काम. शिबिरवाले म्हणतात, औषधं ऑफिसात जमा करा, लागली तर देऊ. मुलगा-सून पाठवायचं म्हणतात, माझा मात्र जीव खालीवर होतो. पाठवावं का?
— एक आजी, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : आजी, जरूर पाठवा. दमा आटोक्यात असलेल्या मुलाला खेळण्यापासून अडवू नये. पण औषधं ऑफिसात जमा करण्याची अट अजिबात मान्य करू नका. पोरं वर टेकडीवर, ऑफिस खाली आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. धाप लागलेल्या मुलाकडे एवढी सवड नसते. त्याचा धाप लागल्यावर घ्यायचा सॅल्ब्युटामॉलचा निळा पंप (इनहेलर) आणि स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची पोकळ नळी, गटाबरोबर फिरणाऱ्या ताई-दादांच्या खांद्यावरच्या पिशवीतच हवा.

पहिल्या दिवशी त्या ताईंसमोर नातवालाच करून दाखवायला सांगा. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एकदा दाबायचा, चार-पाच शांत श्वास घ्यायचे, मग पुढचा पफ. घाबरून सगळे पफ एकदम स्पेसरमध्ये सोडणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. अशाने औषध स्पेसरलाच चिकटतं, छातीत फार कमी पोचतं. किती पफ, किती वेळाने पुन्हा, हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर मराठीत लिहून घ्या आणि तो कागद पंपाबरोबर ठेवा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर 108 ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पफ चालू ठेवायचे. पंप उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये विसरायचा नाही. आणि रोजचा दुसरा पंप, जो त्रास होऊ नये म्हणून असतो, तो सुट्टी लागली म्हणून बंद करू नका. शाळा नाही, सर्दी नाही, मग औषध कशाला, असं पुष्कळ घरांत होतं. शेकोटी असेल तर धूर जिकडे जातो तिकडे त्याला बसवू नये, हेही सांगून ठेवा.

मला दम्याइतकीच काळजी उन्हाची वाटते. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी दमट असते की घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरला उघड्या मैदानात बसलेली माणसं उष्माघाताने दगावली, तेव्हा पारा चाळिशीलाही टेकला नव्हता. म्हणून शिबिरवाल्यांना एवढंच विचारा, दुपारी बारा ते चार मुलं काय करतात? ‘मैदानी खेळ’ असं उत्तर आलं तर सरळ दुसरं शिबिर शोधा. तहान लागल्याचं खेळात रमलेलं मूल सांगत नाही, त्यामुळे पाण्याची वेळ मोठ्यांनीच ठरवावी लागते. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं, पेल्यात नाही. अंग तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय, झोकांड्या खातंय, तर आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा. कुणीतरी त्याच वेळी 108 ला फोन करायचा. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, आणि गुंगीत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणीही घालू नये.

मुक्कामाच्या रात्री जमिनीवर सतरंजी टाकून झोपवणार असतील तर हरकत घ्या. येऊर म्हणजे जंगलच. मण्यार हा विषारी साप; ती रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखतही नाही. पहाटे मुलाच्या पोटात दुखू लागतं, पापण्या मिटू लागतात, आणि लोक अपचन समजतात. खाट हवी, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलेली हवी. रात्री लघवीला जायचं तर मोठ्या माणसाबरोबर, टॉर्च घेऊन.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. पहिल्यांदाच निवासी शिबिराला चालली आहे. तिथे पाळी सुरू झाली तर?
— एक आई, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : ताई, या वयात होऊ शकतं, म्हणून आजच तिच्याशी मोकळेपणाने बोला. पॅड कसा लावायचा, वापरलेला कागदात गुंडाळून कुठे टाकायचा, हे घरी एकदा करून बघू द्या. छोट्या पाऊचमध्ये पॅड, जादा निकर आणि गडद रंगाची पँट द्या. मुलींच्या खोलीत रात्री कोण ताई झोपणार, हे आधी विचारा आणि त्यांची तिच्याशी ओळख करून द्या. ‘घरी सांगू नकोस’ असं शिबिरातलं कुणीही, कशाबद्दलही म्हणालं, तर तीच गोष्ट आईला पहिली सांगायची, हेही तिला बजावा. रोज संध्याकाळी तिच्याशी फोनवर बोलू देणार का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.