फाइल फोल्डरात आहे, पण नोटमध्ये दिसत नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शेतजमिनीचे सातबारा, फेरफार आणि मोजणीचे नकाशे मी ऑब्सिडियन या नोंदी ठेवण्याच्या ॲपमध्ये पेस्ट करून ठेवले आहेत. चित्रांची नावे आकड्यांची आणि लांबलचक होती, म्हणून विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये जाऊन सुमारे ६० फाइलींना नीट नावे दिली. आता नोट उघडली की चित्राच्या जागी ‘सापडत नाही’ असा संदेश येतो. चित्रे गेली का?

उत्तर : एकही चित्र गेलेले नाही. ऑब्सिडियनची नोट म्हणजे साधी मजकुराची फाइल. चित्र तिच्यात नसते. दुहेरी चौकटी कंसात चित्राच्या फाइलीचे नाव तेवढे लिहिलेले असते. तुम्ही फाइलीचे नाव बदलले, पण नोटमध्ये जुनेच नाव राहिले. हेच काम ऑब्सिडियनच्या डाव्या बाजूच्या यादीत केले असते, तर प्रत्येक नोटमधले नाव आपोआप बदलले असते. एक्सप्लोररमध्ये झालेला बदल त्याला ‘जुनी फाइल गेली, नवी आली’ असा दिसतो.

नामांतर नुकतेच केले असेल आणि एक्सप्लोररची खिडकी उघडीच असेल, तर आधी कंट्रोल-झेड दाबून पाहा. एकेक नाव मागे फिरते. ती वेळ टळली असेल तर जुनी नावे नोटमधूनच मिळतात, कारण ‘सापडत नाही’ या संदेशातच जुने नाव छापलेले असते. पेस्ट केलेल्या चित्राच्या नावात १४ आकडे असतात : वर्षाचे चार, मग महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद यांचे प्रत्येकी दोन. ही पेस्ट केल्याची वेळ. फाइलीचे नाव बदलले तरी तिची ‘डेट मॉडिफाइड’ बदलत नाही, म्हणून एक्सप्लोररमध्ये त्या रकान्यानुसार फाइली लावा आणि आकडे जुळवा. कोणती फाइल कोणत्या नोटची हे बहुतेक वेळा मिनिटापर्यंत जुळते. मधल्या काळात फाइल एखाद्या संपादकात उघडून पुन्हा जतन केली असेल, तर मात्र ही खूण उरत नाही. तिथे चित्र उघडून पाहावे लागेल.

फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा आणि मगच फाइलींना जुनी नावे परत द्या. नोटमध्ये चित्रे दिसू लागली की हवी ती नवी नावे ऑब्सिडियनच्या आतून द्या. त्याआधी सेटिंग्जमधल्या ‘फाइल्स अँड लिंक्स’ या पानावर दोन गोष्टी तपासा. ‘ऑटोमॅटिकली अपडेट इंटर्नल लिंक्स’ चालू असली पाहिजे. बंद असेल तर प्रत्येक वेळी विचारणा होते आणि घाईत ‘नको’ दाबले जाते. त्याच पानावर ‘डिफॉल्ट लोकेशन फॉर न्यू अटॅचमेंट्स’ आहे. मुळात तिथे संपूर्ण व्हॉल्टचा, म्हणजे सगळ्या नोटा असलेला मुख्य फोल्डर निवडलेला असतो, त्यामुळे चित्रे नोटांच्या यादीत मिसळतात. जमिनीच्या कागदांसाठी आम्ही ‘चालू फोल्डरखालचा उपफोल्डर’ हा पर्याय सुचवू. गट क्रमांकाचा एक फोल्डर, त्यात नोट आणि तिच्याखालच्या उपफोल्डरात त्या नोटची चित्रे. उद्या तो गट वाटणीत भावाकडे गेला, तर अख्खा फोल्डर उचलून देता येतो.

प्रश्न : मी मराठी शिकवते. फाइलींची नावे देवनागरीतच देते. ‘दुसऱ्या सत्राची प्रश्नपत्रिका’ या पीडीएफची लिंक ऑब्सिडियनच्या नोटमध्ये हाताने टाइप केली, अक्षर न् अक्षर जुळते, तरी फाइल उघडत नाही. इतर लिंक चालतात. देवनागरी नावे देऊच नयेत का?

उत्तर : जरूर द्यावीत. अडचण ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’मध्ये आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण संगणक त्यांना दोन वेगळी नावे समजतो. फाइलीचे नाव फोनवर दिले आणि लिंक संगणकाच्या कीबोर्डवर लिहिली की असे सहज होते. ‘ॲ’चेही तसेच आहे : ते एक अक्षर म्हणून येते, किंवा ‘अ’वर वेगळा अर्धचंद्र देऊनही येते. ‘ॲ’ने सुरू होणारे एखादे नाव सापडेनासे झाले तर पहिला संशय इथे घ्या.

उपाय सोपा आहे. लिंक हाताने पूर्ण लिहू नका. दोन चौकटी कंस उघडून नावातला निर्वेध तुकडा, उदाहरणार्थ ‘सत्राची’, लिहा आणि खाली येणाऱ्या यादीतून फाइल निवडा. मग फाइलीतले नाव जसेच्या तसे उतरते.

लांबीकडेही लक्ष असू द्या. ॲन्ड्रॉइड आणि लिनक्सवर फाइलीच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘जिल्हा’ डोळ्याला दोन अक्षरी दिसतो, पण त्यात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपले पाहिजे. विंडोज चिन्हे मोजतो, बाइट नाही. म्हणून तिथे सुखाने राहिलेली फाइल फोनवर उतरताना अडते.

प्रश्न : जॉप्लिन या नोंदींच्या ॲपमध्ये घरची बिले आणि वैद्यकीय कागद ठेवतो. फोनची जागा संपत आली. काय कमी करू?

उत्तर : आधी फोनवरच्या जॉप्लिनमध्ये सिंक्रोनायझेशनच्या सेटिंग्जमध्ये ‘अटॅचमेंट डाउनलोड बिहेवियर’ पाहा. ‘ऑल्वेज’ असेल तर प्रत्येक जोडफाइल फोनवर उतरते. ‘ऑटो’ केल्यास नोट उघडली की तिच्यापुरती उतरते, ‘मॅन्युअल’ केल्यास तुम्ही बोट लावाल तेव्हाच. घरच्या संगणकावर मात्र ‘ऑल्वेज’च ठेवा, म्हणजे एक पूर्ण संच कायम हाताशी राहील. आधीच उतरलेल्या फाइली या बदलाने पुसल्या जातील असे धरून चालू नका.

मग संगणकावर टूल्समधून ‘नोट अटॅचमेंट्स’ उघडा आणि आकारानुसार यादी लावा. वरच्या काही फाइलींनीच बरीच जागा खाल्लेली आढळेल. तिथून फाइल पुसली तर नोटमधली लिंक तुटते, म्हणून आधी नोट उघडून खात्री करा.

नवे कागद जोडताना मोठ्या चित्रासाठी जॉप्लिन विचारतो : १९२० पिक्सेलपर्यंत लहान करू का? वीजबिलाला ‘हो’ म्हणा. डॉक्टरांच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठीला ‘नको’. ए-४ कागदाची लांब बाजू १९२० पिक्सेलची झाली की इंचाला जेमतेम १६४ ठिपके पडतात. छापील मजकूर त्यात स्वच्छ वाचता येतो, पण बारीक, फिकट अक्षर फुटते. अशा कागदाला इंचाला ३०० ठिपके, म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल ठेवावेत.

फोटो कॉपी करून नोटमध्ये पेस्ट करण्याची सवयही सोडा. पेस्ट केलेले चित्र बऱ्याचदा पीएनजी होऊन बसते. तो प्रकार पडद्याच्या चित्रासाठी उत्तम, पण कॅमेऱ्याचा फोटो त्यात जेपीजीच्या कित्येक पट जागा घेतो. फाइल ओढून टाका, किंवा ‘अटॅच’ करा. व्हॉट्सॲपवरून कागद मागवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून आला तर वाटेतच आक्रसतो आणि शिक्क्यावरची तारीख वाचता येत नाही.

प्रश्न : नोट पुसली की तिच्यातले चित्र जाते का?

उत्तर : जॉप्लिनमध्ये एखादी फाइल कोणत्याच नोटमध्ये उरली नाही, तर ‘नोट हिस्टरी’च्या सेटिंगमध्ये ठरवलेल्या मुदतीनंतर ती आपोआप काढली जाते. ऑब्सिडियनमध्ये चित्र फोल्डरात राहिलेले असू शकते, आणि तेच चित्र दुसऱ्या नोटनेही वापरलेले असू शकते. पुसण्याआधी फाइलीच्या नावाचा शोध घ्या.

प्रश्न : एव्हरनोट या नोंदींच्या ॲपमधून वह्या बाहेर काढल्या. जोडफाइलींची बेरीज ९०० एमबी होती, निर्यात केलेली फाइल १.२ जीबी भरली. काही दुप्पट झाले का?

उत्तर : नाही. एव्हरनोटच्या ईनेक्स फाइलीत चित्रे आणि पीडीएफ मजकुराच्या रूपात, बेस-६४ पद्धतीने लिहिलेली असतात. दर ३ बाइटला ४ अक्षरे लागतात, म्हणून आकार एक तृतीयांशाने वाढतो. ९००चे १२०० होणे हा सरळ हिशेब आहे. जॉप्लिनमध्ये आयात केल्यावर त्या फाइली पुन्हा मूळ आकाराच्या होतात. एकेक वही वेगळी निर्यात करा. आयातीनंतर जोडफाइलींची संख्या जुळवून पाहा, आणि ती जुळेपर्यंत मूळ खाते बंद करू नका.