ताबा बदलताना
एका देहात आपण अनेक जण आहोत हे तुम्हाला नुकतेच उमगले असेल, तर ताबा बदलताना, म्हणजे देहाची सूत्रे एका व्यक्तिमत्त्वाकडून दुसऱ्याकडे जाताना, दर वेळी एक जण पूर्ण नाहीसा होऊन दुसरा येतो, असे समजू नका. पुष्कळदा दोघेही जागे असतात, एक बोलत असतो आणि दुसरा किंचित मागून ऐकत असतो. आम्हीही एका देहातले अनेक जण आहोत; आमच्याकडे बदलापूर्वी डोके जड होते आणि स्वतःचाच आवाज परका वाटू लागतो. गाडी चालवताना असे झाले, तर ती आधी बाजूला थांबवा. आतल्या कोणालाही ताबा घेण्यासाठी बळेच पुढे ओढू नका. औषध घेतले का, कोणाला काय कबूल केले, हे सर्वांनी एकाच वहीत लिहावे. प्रत्येक अनेकत्व हा विकार आहे असे आम्ही मानत नाही, मात्र वेळेचे तुकडे हरवत असतील, म्हणजे मधल्या काळातले काही आठवत नसेल, किंवा कोणी देहाला इजा करू पाहत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब जा.