घरच्या घरी लाकडावर कोरीवकाम करायला छोटं सीएनसी मशीन घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, काचा लावून बंद केलेली बाल्कनी आहे. तिथे सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञेने बिट (फिरतं पातं) चालवून कोरणारं मशीन, ठेवायचंय. सुट्टीच्या दिवशी नावाच्या पाट्या, देव्हाऱ्याची जाळी आणि जमलं तर गणपतीचं उठावाचं काम करायचंय. एकीकडे २२ हजारांचं ‘३०१८’ दिसतंय, दुसरीकडे दीड लाखाचं ‘६०४०’. कुठलं घ्यावं, की घेऊच नये?

माझं मत आधीच सांगतो. आज यातलं एकही घेऊ नका. आधी या तिन्ही कामांच्या फाइली कॉम्प्युटरवर तयार करा आणि सिम्युलेशनमध्ये किती वेळ दाखवतंय ते बघा. याला एक रुपया लागत नाही. कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरपैकी ईझेल ब्राउझरमध्ये चालतं, आणि व्हीकार्व्हच्या ट्रायलमध्ये स्वतःच्या कामाचा जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञांची फाइल) सेव्ह होत नसला तरी प्रिव्ह्यू आणि अंदाजे वेळ दिसतो. तुमची तिन्ही कामं यंत्राच्या दृष्टीने अगदी वेगळी आहेत, आणि मशीन विकणारा ती एकाच फोटोत दाखवतो, घोळ तिथूनच सुरू होतो.

पाटीपासून सुरू करू. १२ बाय ६ इंचाची सागवानी पाटी, व्ही-बिटने (टोकदार, ‘व्ही’ आकाराच्या बिटने) कोरलेली अक्षरं. यात मशीनचं काम तीस-चाळीस मिनिटांचं. बाकी अक्षरांची मांडणी, फळी रंधून सपाट करणं, पकडणं, झीरो घेणं (मोजणी सुरू होण्याची जागा मशीनला दाखवणं), रंग भरणं, पॉलिश पेपर, पॉलिशचे हात हे सगळं मिळून दोन-अडीच तास हातचे. म्हणजे महागडं मशीन घेतलं तरी वाचतात ती पंधरा-वीस मिनिटं.

देवनागरीची एक खास अडचण आहे, ती इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगत नाही. कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं की जोडाक्षरं तुटतात, र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. म्हणून मजकूर इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करा, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा (अक्षरांच्या रेघा होतात), अनग्रुप करा आणि मग ‘युनियन’ (सगळे तुकडे जोडून एक आकार). शेवटची पायरी चुकली तर फॉन्टमधल्या प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचा तुकडा शेजारच्या तुकड्यावर थोडा चढलेला राहतो. पडद्यावर ते दिसत नाही, पण बिट त्या आतल्या कडासुद्धा मानतो आणि शिरोरेषेत दर अक्षराला एक खाच पडते. युनियननंतर आउटलाइन व्ह्यूमध्ये बघा. पूर्ण शब्दाला बाहेरून एकच अखंड रेघ दिसली पाहिजे, शिवाय ‘व’, ‘म’सारख्या अक्षरांच्या पोटातली मोकळी जागा. बाकी आत काही नको.

व्ही-बिटची खोली अक्षराच्या जाडीवर ठरते, हेही फाइल करतानाच तपासा. ६० अंशाच्या बिटने १० मिलिमीटर जाड शिरोरेषा कोरली तर बिट मध्यभागी ८.७ मिलिमीटर खाली जातो. ९० अंशाच्या बिटने तीच रेघ ५ मिलिमीटरवर संपते. १२ मिलिमीटरच्या फळीत पहिला पर्याय धोक्याचा, १९ मिलिमीटरच्या फळीत दोन्ही चालतात. जाड फॉन्ट असेल तर ९० अंशाचा घ्या किंवा खोलीला मर्यादा घालून तळ सपाट करून घ्या.

आता गणपती. इथे हिशेब उलटा होतो: हातचं काम थोडं, मशीनचे तास ढीगभर. उठावाच्या कामात गोल टोकाचा बिट रेघेला रेघ लावून जातो आणि दोन रेघांमधलं अंतर, म्हणजे स्टेपओव्हर, वेळ ठरवतं. ३०० बाय ३०० मिलिमीटरचं पॅनल, ३ मिलिमीटर व्यासाचा बॉलनोज (तोच गोल टोकाचा बिट), स्टेपओव्हर ०.३ धरा. हजार रेघा, प्रत्येक ३०० मिलिमीटर, म्हणजे तीन लाख मिलिमीटर प्रवास. मिनिटाला १,५०० मिलिमीटर वेगाने २०० मिनिटं. पण मुकुटातलं बारीक काम ३ मिलिमीटरच्या बिटने उठत नाही. तिथे १ मिलिमीटर टोकाचा निमुळता बिट आणि ०.१ स्टेपओव्हर लावला की रेघा तीन हजार होतात आणि वेळ सरळ दहा तासांवर जातो. आधीचं रफिंग, म्हणजे जास्तीचं लाकूड भरभर काढणं, वेगळं. शिवाय बिट वर-खाली नेणारा झेड अक्ष वेग पकडत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात सिम्युलेशनपेक्षा जास्तच लागतो. ३०१८वर मिनिटाला ५०० च्या पुढे सागवानात जाऊ नये. तिथे १५० मिलिमीटरचा छोटासा गणपतीसुद्धा ०.२ स्टेपओव्हरने पावणेचार तास घेतो.

उठावाची फाइल कुठून येणार हाही प्रश्न आहे. फोटोचं ग्रेस्केल करून त्यातून उठाव काढतात, ते फसतं. सॉफ्टवेअरला काळं म्हणजे खोल एवढंच कळतं, त्यामुळे डोळ्यांच्या जागी खड्डे पडतात आणि सावली पडलेला गाल आत जातो. विकत मिळणारी एसटीएल (त्रिमितीय मॉडेलची) फाइल घ्या, नाहीतर मॉडेलिंग शिका. शिकायला महिने लागतात, दिवस नाही.

जाळीचं काम दोन्हीच्या मधलं. ३ मिलिमीटरच्या बिटने आतला कोपरा कधीच काटकोनी निघत नाही, १.५ मिलिमीटरची गोलाई राहते. एकतर नक्षीच तशी आखा, नाहीतर प्रत्येक कोपरा पटाशीने साफ करा. ऐंशी भोकांची जाळी म्हणजे तीनशे-वीस कोपरे, हे आधी मोजा. कापून सुटणारे तुकडे उडू नयेत म्हणून टॅब (न कापलेले छोटे दुवे) ठेवावे लागतात, तेही नंतर हाताने कापायचे. देव्हाऱ्याचा पाठीमागचा फलक १८ बाय २४ इंच असेल तर तो ३०१८वर बसतच नाही.

मशीनच्या नावातच त्याचं माप असतं. ३०१८ म्हणजे ३०० बाय १८० मिलिमीटर, साधारण १२ बाय ७ इंच. झेडचा प्रवास ४५ मिलिमीटर सांगतात, पण त्यात फळीची जाडी आणि बिटची लांबी दोन्ही बसवायची असतात. स्पिंडल म्हणून, म्हणजे बिट फिरवायला, ७७५ नंबरची डीसी मोटर असते, ती नऊ-दहा हजार आरपीएम (मिनिटाला फेरे) देते आणि भार आला की दमते. सागवानात एका वेळी अर्धा मिलिमीटर, मऊ पाइनमध्ये एक, एवढीच खोली द्या. जास्त दिली तर गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल धरणारी आडवी कमान, किंचित मागे वाकते आणि गोल वर्तुळ अंड्यासारखं येतं. ते मशीन वाईट आहे असं नाही. २२ हजारांत सीएनसी शिकण्यासाठी ते ठीक आहे, विकण्याजोगा माल काढण्यासाठी नाही.

६०४०वर दीड-दोन किलोवॅटचा स्पिंडल, बॉलस्क्रू (ढिलाई न ठेवता अक्ष सरकवणारा स्क्रू) आणि व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा विजेचा ड्राइव्ह) येते. इथे नवख्यांचं सगळ्यात महाग नुकसान होतं. हा स्पिंडल ४०० हर्ट्झला २४,००० आरपीएम फिरण्यासाठी गुंडाळलेला असतो. व्हीएफडी कारखान्यातून ५० हर्ट्झच्या साध्या मोटरसाठी सेट होऊन आली आणि ते न बदलता बटण दाबलं, तर कमी वेगातच पूर्ण व्होल्टेज मिळून वाइंडिंग काही मिनिटांत जळतं. बेस फ्रीक्वेन्सी आणि कमाल फ्रीक्वेन्सी दोन्ही ४०० आहेत हे विक्रेत्याकडून पडद्यावर दाखवून घ्या, नुसत्या शब्दावर राहू नका. पाण्याने थंड होणारा असेल तर पंप चालू आहे हे बघितल्याशिवाय स्पिंडल सुरू करायचा नाही.

दुसरी गोष्ट अर्थिंग. व्हीएफडीच्या विद्युत गोंगाटामुळे यूएसबी मधेच तुटते आणि नऊ तासांचं काम आठव्या तासाला थांबतं. लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात, दोष तारेत असतो. स्पिंडलला शिल्डेड केबल, शिल्ड अर्थला जोडलेली, यूएसबीची तार आखूड आणि मोटरच्या तारांपासून लांब, एवढं केलं की बहुतेक वेळा भागतं. जुन्या इमारतीत तीन पिनांचं सॉकेट असतं पण मागे अर्थची तार जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. दीर्घ कामाला मला लॅपटॉपपेक्षा पेनड्राइव्हवरून चालणारा डीएसपी कंट्रोलर बरा वाटतो. लॅपटॉपला अपडेट नेमका तेव्हाच आठवतो. पॅरलल पोर्टवरून मशीन चालवणारं माक-३ सॉफ्टवेअर कुणी गळ्यात मारत असेल तर त्याचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही, हे लक्षात ठेवा.

वीज गेली तर? पुण्यात गुरुवारी वीज कशी जाते ते तुम्हाला माहीत आहेच. घरचा इन्व्हर्टर दीड किलोवॅटचा स्पिंडल ओढणार नाही. म्हणून मशीनला तिन्ही अक्षांवर होमिंग स्विच (मशीनला ठरलेली सुरुवातीची जागा ओळखून देणारे) हवेतच. ते असले की वीज आल्यावर होमिंग करून जुन्या झीरोवर परत जाता येतं आणि थांबलेल्या ओळीच्या थोडं आधीपासून पुढे चालू करता येतं. स्विच नसतील तर झीरो डोळ्याने शोधायचा, आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक उठावात ठळक रेघ होऊन दिसतो.

फ्लॅटचा मुद्दा मात्र मी सगळ्यात वर ठेवीन. बिट, स्पिंडल आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम यांचा एकत्र आवाज म्हणजे शेजारी तीन तास मिक्सर चालू असल्यासारखं. रबरी मॅट घातली तर स्लॅबमधून जाणारी थरथर कमी होते, हवेतून जाणारा आवाज नाही. आणि दहा तासांचं काम चालू ठेवून झोपता येत नाही: बोथट बिट घासून ठिणगी धरतो, व्हॅक्यूम ती भुशाच्या पिंपात ओढून नेतो.

धूळ तर आहेच. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलेली आहे. सागवानाच्या भुशाने काहींना खाज सुटते, एमडीएफच्या बारीक धुळीत फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं. काचा लावलेल्या बाल्कनीत ती कुठे जाणार? घरातच. स्पिंडलभोवती ब्रशचा बूट, मधे सायक्लोन (भुसा वेगळा पाडणारं भांडं), मागे व्हॅक्यूम आणि तोंडावर एन-९५ ही किमान तयारी, आणि तिचा खर्च कोटेशनमध्ये नसतो. तसंच बिट, कोलेट (स्पिंडलमध्ये बिट धरणारा भाग), फळी पकडण्याचे क्लॅम्प, बेडवर टाकायचा, बिटचे घाव झेलणारा एमडीएफ आणि सॉफ्टवेअर मिळून मशीनच्या किमतीवर पंधरा-वीस टक्के धरा. ‘सॉफ्टवेअर फ्री देतो’ म्हणजे चोरीची कॉपी. बाजारात अजून आर्टकॅम देतात, जे ऑटोडेस्कने २०१८ मध्येच विकणं बंद केलंय.

एवढं ऐकूनही घ्यायचंच ठरलं तर पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या जागी दोन तुकडे कापून घ्या. एक, ४०० बाय ३०० चा आयत: दोन्ही कर्ण बरोबर ५०० आले पाहिजेत. फरक असेल तर गॅन्ट्री काटकोनात नाही. दुसरा, ५० मिलिमीटरचं वर्तुळ. व्हर्नियरने चारी बाजूंनी मोजा आणि कडेवरून बोट फिरवा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चपटेपणा लागला तर नटमध्ये बॅकलॅश, म्हणजे ढिलाई, आहे. लाकूड तुमचं न्या, सागवान, कारण शोरूममध्ये ते नेहमी एमडीएफ कापून दाखवतात आणि एमडीएफ कुठलंही मशीन कापतं.

वेगाचा एक हिशेब पाठ ठेवा: आरपीएम गुणिले बिटच्या धारा गुणिले एका धारेने घ्यायचा लाकडाचा काप. १८,००० गुणिले २ गुणिले ०.०५ म्हणजे मिनिटाला १,८०० मिलिमीटर. लाकूड काळं पडत असेल तर बिट कापत नाही, घासतोय. फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा वेग, वाढवा किंवा आरपीएम कमी करा. घाबरून फीड कमी करतात, त्याने आणखी जळतं. भुसा पिठासारखा न येता बारीक कपच्यांसारखा आला की ठीक चाललंय.

तुमच्या परिस्थितीत मी असं करीन: पाट्यांसाठी चार-पाच फाइली स्वतः बनवून जवळच्या जॉबवर्कवाल्याकडून कोरून घेईन. फर्निचरच्या बाजारपेठांत ८ बाय ४ फुटांची राउटर मशीनं असतात आणि ते तासावर किंवा फुटावर पैसे घेतात. घरी फक्त रंग, घासकाम, पॉलिश. पाच पाट्यांनंतरही रोज नवीन फाइल करावीशी वाटत असेल आणि तळमजल्यावर किंवा शेडमध्ये जागा मिळत असेल तर ६०४०. जागा मिळणार नसेल आणि यंत्राशी खेळायचीच हौस असेल तर ३०१८, डोळे उघडे ठेवून. गणपती मात्र बाहेरच कोरून घ्या.

जॉबवर्कला जाताना फळी स्वतःची, किमान महिनाभर घरात वाळलेली न्या, आणि ती चारही कोपऱ्यांत सारख्याच जाडीची आहे का ते मोजून न्या. दोन मिलिमीटरचा फरक असेल तर व्ही-कार्व्हिंगमध्ये एका टोकाची अक्षरं जाड आणि दुसऱ्या टोकाची बारीक येतात. फाइलबरोबर एका कागदावर लिहून द्या: माप मिलिमीटरमध्ये, झीरो डाव्या खालच्या कोपऱ्यात, झेडचा झीरो फळीच्या वरच्या पृष्ठावर, बिट ९० अंशाचा. ऑपरेटर झेडचा झीरो टेबलावर धरायच्या सवयीचा असेल तर तुमच्या फाइलने पहिल्याच फेरीला बिट फळीच्या आरपार टेबलात जातो.