देवगडातल्या आमच्या आंबा संस्थेचा ओपनएलडॅप सर्व्हर (सगळ्यांची लॉगिन खाती सांभाळणारा) फक्त आतल्या वाय-फायवर आहे, बाहेर उघडा नाही. तरी अपडेट करायलाच हवा का?

हो, करायलाच हवा. २.४.५० च्या आधीच्या ओपनएलडॅपमध्ये एकात एक अटी कोंबलेला सर्च फिल्टर (म्हणजे शोधाची विनंती) पाठवला की सर्व्हर कोसळू शकतो. सीव्हीई-२०२०-१२२४३ या क्रमांकाने नोंदलेली सुरक्षा-त्रुटी ती हीच. २.४.५५ च्या आधी तर लॉगिन न करता पाठवलेल्या एका खास पॅकेटनेही तेच होतं. यात डेटा चोरीला जात नाही, पण सगळ्यांचं लॉगिन ठप्प होतं. आणि हे करायला बाहेरचा हॅकर लागत नाही, वाय-फायचा पासवर्ड पुरतो. तो आपल्याकडे निम्म्या वाडीला ठाऊक असतो! मात्र डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर असाल तर नुसता आवृत्तीचा आकडा बघून घाबरू नका. ते जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घालतात, म्हणून पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) बघा. हात घालण्याआधी:

- स्लॅपकॅट या ओपनएलडॅपच्याच कमांडने बॅकअप घ्या.
- यूपीएस तपासा, पावसाळ्यात तर नक्कीच.
- ओपनएलडॅपच्या नेहमीच्या पोर्ट ३८९ वर स्टार्टटीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करणारी सोय) सक्तीचं करा. नाहीतर साध्या बाइंडचे (म्हणजे नाव-पासवर्डाच्या लॉगिनचे) पासवर्ड उघडेच जातात, अपडेट केलं तरी.